दगडावरची थरथर

उत्तम चौगुलेचं पत्र आलं तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आता संक्रांत होऊन गेली होती, आणि भरतेश उपाध्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. पण उपाध्यांच्या घरात कागद हरवत नसे. ते वाचत असलेल्या पुस्तकात खुणेसाठी म्हणून त्यांनी ते घातलं होतं. पुस्तक संपलं की पत्र दुसऱ्या पुस्तकात जायचं. असं करत करत ते सात-आठ पुस्तकं फिरून आलं होतं, आणि प्रत्येक वेळी पान उघडताना उपाध्यांची नजर त्या वळणदार, डावीकडे झुकलेल्या अक्षरावर पडायची.

‘उपाध्ये सर, तुमच्या चाळणीला आमचा हात कळतो. सिकंदरचा हात थरथरतो असं तिनं सांगितलं आणि तो पॅकिंगला गेला. माझा हात चोख आहे म्हणते. पण सर, सकाळी माझ्या कपातला चहा बशीत सांडतो. बायको बघते आणि बघितलं नाही असं दाखवते. परवा सिकंदर मेहुण्याच्या टपरीची पाटी रंगवत होता. एक रेघ वाकडी नाही. मग खरं कोणाचं धरू, चाळणीचं का बशीचं? पट्ट्यावर बोलू नका. दोन ओळी लिहा. तुमचा उत्तम.’

पट्टा म्हणजे मनगटावरचा. कागलच्या औद्योगिक वसाहतीत आता प्रत्येकाच्या मनगटावर कंपनीनं दिलेला पट्टा असे. तो नाडी मोजायचा, झोप मोजायचा, आणि माणूस तब्येतीबद्दल एक शब्द बोलला तरी तो विमा कंपनीपर्यंत पोचवायचा. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पोस्टानं पत्र पाठवावं लागलं होतं.

उत्तम त्यांचा मित्र होता. कारखान्यातला एवढा एकच. उपाध्यांकडून तो रहस्यकथा नेई आणि परत देताना खुनी कोण हे आपल्याला कितव्या पानावर कळलं ते शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून देई. बहुतेक वेळा त्याचा खुनी चुकलेला असे, पण त्याला त्याचं काही नसे. पत्र आल्यापासून उपाध्ये कँटीनला जाईनासे झाले. डबा प्रयोगशाळेतच खायचा आणि संध्याकाळी मागच्या फाटकानं निघायचं.

“चोरासारखे का येता हो मागच्या रस्त्यानं?” पद्मजाबाई, त्यांची बायको, एकदा म्हणाल्या. “लांब पडतं ते. उत्तमभाऊजी आज भेटले बाजारात. विचारत होते, सर आजारी आहेत का? मी म्हटलं, आजारी नाहीत, लाजाळू आहेत, आणि हा आजार लग्नाआधीचा आहे.”

“काय म्हणाला?”

“हसले. पिशवी दुसऱ्या हातात घेतली.”

“कोणत्या हातातून कोणत्या हातात?”

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. उपाध्यांनी मान पुस्तकात घातली.

*

कारखान्यात ग्रॅनाइटची टेबलं बनत. टेबल म्हणजे चांगली साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद काळीभोर शिळा. चिप बनवणारी यंत्रं अशा शिळांवर उभी राहतात, आणि त्या शिळा सपाट असाव्या लागतात. किती सपाट? डोक्याचा एक केस घेऊन त्याचे उभे शंभर पदर काढले, तर त्यातल्या एका पदराइतकाही उंचसखलपणा चालत नाही. जगातली सगळी कामं यंत्रांनी घेतली, पण हे शेवटचं घासकाम माणसाकडेच राहिलं होतं. ओतीव लोखंडाची एक जड थाळी, तिच्याखाली हिऱ्याची भुकटी कालवलेलं मलम, आणि वर माणसाचे दोन हात. त्याला लॅपिंग म्हणत. शिळेच्या दोन बाजूंना दोन कारागीर उभे राहत आणि आपापला अर्धा भाग घासत.

घासून झालेली शिळा उपाध्यांच्या प्रयोगशाळेत येई. प्रकाशाची तिरीप तिच्यावरून फिरे आणि कोट्यवधी बिंदूंची उंची नोंदली जाई. पण नुसत्या आकड्यांच्या ढिगातून काही कळत नाही. आधी त्या बिंदूंमधून जास्तीत जास्त चपखल बसेल असं एक पृष्ठ गणितानं बसवायचं आणि ते वजा करायचं. मग त्या पृष्ठापासून कोण किती वर-खाली आहे ते उरतं. मग चाळणी. धान्य दळून आलं की आपण पीठ, रवा आणि कोंडा वेगळा करतो, तसं इथं लांब लाटा, मधल्या लाटा आणि बारीक खरखर वेगळी करायची. कोणत्या जाळीची चाळणी घ्यायची हे ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि चाळणीवर काय राहिलं यावर शिळा पास का नापास ते ठरायचं.

उपाध्ये आयुष्यभर चाळत आले होते. पाच वर्षांपूर्वी एक शिळा गिऱ्हाइकानं परत पाठवली तेव्हा त्यांनी सहज एक अशी जाळी लावली, जी कोणी लावत नसे. आकारात मोडायला फार लहान आणि लाटेत मोडायला फार मोठं, असं जे अधलंमधलं सगळेजण टाकून देत, ते त्यांनी ठेवलं. त्यात दर दहा सेंटिमीटरला एक हलकीशी लाट दिसली. थाळी साधारण सेकंदाला अर्धा मीटर सरकते. म्हणजे ती थाळी ढकलणारा हात सेकंदाला पाच वेळा हलत होता. थाळीच्या एका फटकाऱ्यात ते दिसलं नसतं. हजारो फटकारे एकावर एक रचले तेव्हा दिसलं. उपाध्यांनी पुष्कळ वाचलेलं होतं. सेकंदाला पाच, हा आकडा त्यांनी वैद्यकाच्या पुस्तकात पाहिला होता. कंपवाताची थरथर साधारण त्याच तालात असते.

शिळेचा तो अर्धा भाग ज्योतिराम लाड नावाच्या कारागिरानं घासला होता. त्याला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हो, सुरुवात आहे. माणसाला कळायला अजून तीन-चार वर्षं लागली असती. आता एक नवं औषध निघालं होतं. ते रोग बरा करत नसे, पण वेळेवर सुरू केलं तर त्याची चाल मंदावत असे. ज्योतिराम आजही स्वतःच्या हातानं दाढी करत होता. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन उपाध्यांच्या घरी यायचा आणि त्यांच्या पाया पडायचा, आणि उपाध्ये स्वयंपाकघरात पळायचे.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हात जिथं जिथं काही पृष्ठ सोडून जातो, तिथं तिथं ही चाळणी लावता येणार होती. दात बसवणाऱ्याचं काम, सोनाराचं, शिंप्याच्या टाक्यांची ओळ. लोक तिला उपाध्ये-चाळणी म्हणू लागले. ज्या माणसाला चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा, त्याचं नाव पुण्या-मुंबईच्या सभांमध्ये घेतलं जाऊ लागलं. उपाध्यांना त्याचं ओझं वाटे. आणि, हे त्यांनी कोणाला सांगितलं नसतं, थोडं बरंही वाटे.

मग दोन वर्षांपूर्वी चाळणीनं सिकंदर मुलाणीचं नाव दिलं. दवाखान्यात काही सापडलं नाही. “पण तुमची चाळणी आमच्या आधी सांगते ना,” डॉक्टर म्हणाले, आणि औषध सुरू केलं. सिकंदर पॅकिंगला गेला, तिथं त्याचं मन लागेना, आणि नंतर त्यानं नोकरीच सोडली. सिकंदर आणि उत्तम ही एकाच शिळेवरची वीस वर्षांची जोडी होती.

उत्तमच्या पत्राचा अर्थ न कळायला उपाध्ये काही भोळे नव्हते. उत्तम खरं सांगत असेल, तर चाळणी खोटी. चाळणी खोटी, तर सिकंदर निर्दोष. चाळणी खरी, तर मग बशीतल्या चहाचं काय? कोणत्याही बाजूनं गेलं तरी वाटेत एक खड्डा होता. म्हणून ते गेलेच नव्हते.

*

“शुक्रवारपर्यंत सही हवी, सर,” मृण्मयी राजाध्यक्ष म्हणाली. ती कारखान्याची प्रमुख होती; वयानं उपाध्यांच्या मुलीएवढी, कामाला वाघीण, आणि त्यांच्याशी बोलताना आवर्जून उभी राहणारी. “विमा कंपनी चाळणी विकत घेतेय. सगळ्या राज्यात लावणार आहेत. तुम्ही फक्त एवढंच लिहून द्यायचंय की चाळणी ज्याचं नाव देते, थरथर त्याचीच असते.”

“फक्त एवढंच,” उपाध्ये म्हणाले.

“तुम्हाला शंका आहे?”

“मला शंका नेहमीच असते.”

ती हसली. “ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर तुमची सही हवी. तुम्ही सही केली म्हणजे शंका संपल्या.”

त्या रात्री जेवताना उपाध्यांनी भाकरीचे तुकडे केले आणि ताटाच्या कडेला रचून ठेवले. पद्मजाबाई म्हणाल्या, “रविवारी सिकंदरभाऊंकडे जाऊन या. त्यांची बायको रेश्मा रडते म्हणे. आणि ते पट्ट्याचं लोढणं घरी ठेवून जा.”

“मी जाऊन काय बोलणार?”

“बोलू नका. तुम्हाला ते जमतंच की.”

*

सिकंदरचं घर गावाबाहेर, माळाच्या कडेला होतं. उपाध्ये पोचले तेव्हा तो दारातल्या बाकावर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. अंगणात त्याची छोटी नात रांगत होती आणि आजोबांच्या पायाशी येऊन दोन्ही हात वर करत होती. सिकंदर तिच्याकडे बघत होता, पण उचलत नव्हता.

“या की साहेब. रेश्मा, उपाध्ये साहेब आल्यात. च्या टाक.”

आतून रेश्मा आली आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं. “बघा साहेब. दोन महिनं झालं, नातीला हात लावत न्हाईत. म्हणत्यात, पडंल हातनं. मी म्हणते, पोरगी हाय, ग्र्यानाइट न्हवं.”

“तुला काय कळतंय गं,” सिकंदर म्हणाला. त्यानं हात मांड्यांखालून काढला आणि उपाध्यांपुढे धरला. बोटं थरथरत होती.

उपाध्ये बाकाच्या कडेला टेकले. “कधीपासून?”

“दिवाळीपासनं. आधी काय न्हवतं बगा. पाटी रंगवली, पंपाची मोटार बांधली, सगळं करत हुतो. पर रोज सकाळी उठून हाताकडं बघायचं, आला का आला का. एक दिस आलाच. तुमची चाळणी खोटं कशी बोलंल?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “औषधानं जेवणावरची वासना गेली. उलट्या हुत्यात. चालायचंच.”

चहा आला. उपाध्यांना काहीतरी विचारायला हवं होतं, आणि त्यांना एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे कामाची.

“लॅपिंगची आठवण येते का?”

सिकंदरचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. “यील न्हाई तर काय! एक सोडून सगळ्याची येती. ते दुपारचं ऊन. दुपारनंतर खिडकीतनं असं डोळ्यात घुसायचं, की दगड दिसायचा न्हाई. वीस वर्सं सोसलं. उत्तमदा निवांत, त्याची पाठ खिडकीला. म्हणायचा, शिक्या, तुला गॉगल आणतो. कधी आणला न्हाई कंजुसानं.”

उपाध्ये हसले, आणि हसता हसता थांबले.

“दुपारनंतर? दुपारनंतर तू खिडकीच्या बाजूला असायचास ना? ऊन त्याच्या डोळ्यात जायला हवं.”

“का बरं?”

“चहा झाला की बाजू फिरतात. नियमच आहे तो.”

“बाकीचं फिरत्यात. आमी कुठं फिरतोय!” सिकंदर म्हणाला. “उत्तमदा डावरा न्हवं का? त्याच्या थाळीची कमान उलटी पडती. सुरवातीला फिरून बघितलं, तर मधल्या सांध्यावर ह्यो असा उंचवटा राहायचा. मग सोडून दिलं. ज्यानं त्यानं आपल्या जागंवर. दगड तर बरोबर हुत हुता, मग कोण इचारतंय?”

उपाध्यांनी कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही, चहा सांडला, आणि रेश्मा म्हणाली, “अगंबाई, साहेबांचा बी हात!”

*

लॅपिंग करताना मनगटावर पट्टा चालत नसे. त्याची ऊब दगडाला लागते आणि त्याची कडा ओरखडा काढते. म्हणून सकाळी कारागीर आपापल्या बाजूच्या खुंटीला पट्टा अडकवत, आणि संगणकाला त्यावरून कळे की दरवाजाकडे कोण आणि खिडकीकडे कोण. दुपारच्या चहाच्या घंटेनंतर संगणक आपणहून नावं उलटी करी, कारण नियमानं बाजू फिरलेल्या असत. शिळेवर शेवटी उरतात ते दुपारनंतरचे फटकारे. सकाळचे त्यांच्याखाली घासून जातात. तो घंटेचा नियम संगणकात उपाध्यांनीच घातला होता. उत्तम डावखुरा आहे हेही त्यांना ठाऊक होतं. त्याच्या शेजारी जेवायला बसलं की कोपराला कोपर लागे. फक्त या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

त्याच रविवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. उपाध्यांनी जुन्या मोजमापांची प्रत वेगळ्या संगणकावर घेतली, जो कशालाच जोडलेला नव्हता. मग उत्तम आणि सिकंदरच्या शिळा काढल्या, घंटेचा नियम काढून टाकला आणि पुन्हा चाळायला लावलं.

सिकंदरची रेघ खाली गेली आणि सपाट झाली. तळ्यातल्या पाण्यासारखी.

उत्तमची रेघ वर आली. जोडी फुटेपर्यंत ती शिळेगणिक जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढत गेली होती. त्यानंतर उत्तमबरोबर जोडीदार बदलत राहिले. आताच्या शिळांवर नवाच एक होता, आणि तोही बिचारा उत्तमच्या सवयीनं आपल्याच जागी उभा राहत असणार; कारण चाळणीनं आता त्याच्याही नावापुढे हलकीशी खूण करायला सुरुवात केली होती. त्याच्या नावावर शिळा अजून थोड्याच होत्या, म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, एवढंच.

उपाध्ये खुर्चीत मागे टेकले. ज्याला औषधाची गरज नव्हती तो ते घेऊन उलट्या करत होता. ज्याला गरज होती तो पत्राच्या उत्तराची वाट बघत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं वाक्य त्यांच्या कानात वाजायला लागलं: ‘जितकं लवकर, तितकं बरं.’ ते ज्योतिरामच्या वेळचं वाक्य होतं. तेव्हा ते ऐकून उपाध्यांना अभिमान वाटला होता.

*

ते अंधार पडायच्या आत परत माळावर गेले. रेश्मानं दार उघडलं. उपाध्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. काढली असती तर धीर गेला असता.

“सिकंदर, तो हात तुझा नाही. चाळणीनं नाव चुकीचं दिलं. म्हणजे मी चुकीचं दिलं. औषध बंद करायला डॉक्टरांना मी स्वतः सांगतो.”

सिकंदर उठून उभा राहिला. आपल्या थरथरत्या बोटांकडे त्यानं पाहिलं. “मग ह्ये काय हाय?”

“भीती. ती मी घातली.”

रेश्मा भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. सिकंदर तिच्याकडे बघून हसायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला.

“साहेब, दगडावर थरथर हुती, व्हय का न्हाई?”

“होती.”

“अन् दगडाला दोनच माणसं हुती.”

उपाध्यांनी मान हलवली.

“उत्तमदाला म्हाईत हाय?”

“अजून नाही.”

सिकंदर उंबऱ्यावर बसला. “दोन वर्सं मी त्याच्यावर डूख धरून हुतो. त्याला ठिवलं, मला काढलं म्हणून. हाक मारली तर ओ दिली न्हाई.” मग एकदम चिडून म्हणाला, “इथं काय करतायसा मग? जावा की त्याच्याकडं!”

*

ते गेले नाहीत. सोमवारी सकाळी ते आधी मृण्मयीकडे गेले, पट्टा काढून खिशात, रुमालात गुंडाळून. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं, फक्त ते सांगायला त्यांना फार वेळ लागला.

ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “एका जोडीची नावं उलटी झालीत. सुलटी करू. संगणकाला पाच मिनिटांचं काम आहे.”

“पाच मिनिटांनी उत्तमच्या नावापुढे खूण होईल. सहाव्या मिनिटाला ती विमा कंपनीला कळेल. त्याला स्वतःला सगळ्यांत शेवटी कळेल.”

“सर, हा नियम मी केलेला नाही.”

“नाही. मी केलेला आहे. बाकीच्या जोड्या फिरतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला कोणी सांगितलं? नियमानं सांगितलं. मी गेल्या पाच वर्षांत एकदाही दुपारी तिथं जाऊन उभा राहिलो नाही. गर्दीत जायला मला आवडत नाही, एवढ्याच कारणासाठी.” त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. “चाळणीनं आजवर दिलेली सगळी नावं मी मागे घेतोय. सगळी. लाट खरी आहे. नाव भरवशाचं नाही.”

मृण्मयीचा चेहरा लाल झाला. “आणि ज्योतिराम? तो आज स्वतःच्या हातानं जेवतो तो या नावामुळे. पुढच्या ज्योतिरामला तुम्ही काय सांगणार?”

उपाध्यांनी हा प्रश्न रात्रभर घोळवला होता. “ज्याला आपला हात बघायचाय त्यानं स्वतः यावं,” ते म्हणाले. “एकट्यानं एक लहान शिळा घासावी, मी चाळून देईन. निकाल त्याच्याच हातात देईन. कमी लोक येतील. काही राहून जातील. मला माहीत आहे.”

“बोर्ड मला फाडून खाईल.”

“उत्तमचं नको. माझं नाव सांगा.”

“चाळणीवरचं तुमचं नाव काढतील, सर.”

उपाध्यांना वाटलं होतं याचं काही वाटणार नाही. पण वाटलं. “काढू देत,” ते म्हणाले, आणि खिशातल्या रुमालाची गाठ चाचपत बाहेर पडले.

*

त्या संध्याकाळी त्यांनी पुढच्या फाटकानं जायचं ठरवलं. उत्तम तिथंच होता, सायकलला टेकून, डावा हात खिशात. त्याच्या मनगटावर पट्टा होता. उपाध्यांनीही बाहेर पडताना नाइलाजानं पुन्हा बांधला होता.

“काय सर! सूर्य पश्चिमेला उगवला काय? म्होरल्या फाटकानं?”

“उत्तम...”

“ते मागचं पुस्तक दिलेलंसा, त्यात खुनी डॉक्टर हाय. मी वकील म्हणून बसलो हुतो. फसलो.”

“उत्तम, मला...”

उत्तमनं पट्ट्याकडे नजर टाकली आणि मान अगदी बारीक हलवली. त्याचे डोळे हसत नव्हते. “तब्येत कशी हाय, इचारू नगा. मी झ्याक हाय,” तो पट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणाला. मग हळू आवाजात: “माझं पोचलं न्हवं?”

“पोचलं.”

“मग?”

“लिहितो.”

“लिवा,” उत्तम म्हणाला. त्यानं सायकलवर टांग टाकली. हँडल थोडं डगमगलं आणि सरळ झालं. “कसं बी असू द्या. पर लिवा. आता वाट बघणं लई झालं.”

तो गेला त्या रस्त्याकडे उपाध्ये बघत राहिले. हा माणूस दारात येऊन मान हलवून उत्तर मागू शकला असता. त्यानं लिहायला सांगितलं, कारण लिहिणं एवढंच उपाध्यांना बरं जमतं हे त्याला ठाऊक होतं.

रात्री घरी पहिला कागद विज्ञानानं भरला आणि फाडला. दुसऱ्यात माफीच माफी होती, तोही फाडला. पद्मजाबाई शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, “ते दोन ओळी मागत होते ना? मग?”

उपाध्यांनी तिसरा कागद घेतला.

‘उत्तम, बशीचं खरं आहे. थरथर तुझी आहे, सिकंदरची कधीच नव्हती. हे तुला पावसाळ्यातच कळायला हवं होतं, मी भ्यालो. औषध आहे, आणि अजून वेळ गेलेली नाही. कंपनीच्या नोंदीत तुझं नाव नाही आणि माझ्याकडून जाणार नाही; फक्त मृण्मयीला सांगावं लागलं. काम कधी सोडायचं, कोणाला सांगायचं, हे तू ठरव. कोल्हापूरच्या डॉक्टरांशी बोललो आहे, तुझं नाव न घेता. हे पत्र बुधवारी तुला मिळेल. मी त्या दिवशी दुपारपासून तुझ्या घरासमोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेला असेन. पट्टा नसेल. तू हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस तर अंधार पडेपर्यंत बसेन आणि गुरुवारी पुन्हा येईन. भरतेश.’

त्यांनी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं असतं तर दुरुस्त्या सुरू झाल्या असत्या.

मंगळवारी सकाळी कागलच्या पोस्टापुढे कोणीच नव्हतं. पत्रं टाकायला आता कोण येतं? पेटीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. उपाध्यांनी ते बोटानं बाजूला केलं. पाकीट अर्धं आत गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांची बोटं ते सोडेनात. आत जाऊन पोस्टातल्या बाईंना विचारावं का, पेटी किती वाजता उघडतात, बुधवारी नक्की मिळेल ना, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हेसुद्धा न टाकण्याचंच निमित्त आहे.

त्यांनी बोटं उघडली.

पाकीट आत पडल्याचा आवाज फार बारीक आला.